२^६७ − १ चे अवयव: कामाच्या नोंदी

संख्या अशी: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने सदुसष्ट एक. फ्रेंच पाद्री आणि गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीत २^६७ − १ ही मूळ संख्या म्हणून नोंदलेली होती. ती मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण तिचे अवयव जगासमोर यायला १९०३ उजाडलं. उत्तर आज कुठेही सापडतं. मला ते उत्तर बाजूला ठेवून, साध्या संगणकावर आणि शक्य तिथे कागदावर, स्वतः अवयव पाडायचे होते. हेच काम कुणी करायला घेतलं तर कुठे वेळ जातो ते कळावं, म्हणून या नोंदी. खाली या संख्येला म६७ म्हटलं आहे.

४ मार्च: संख्या अचूक धरणे

अवयव दूरच राहिले, आधी ही संख्या यंत्रात जशीच्या तशी बसवायलाच वेळ गेला.

स्प्रेडशीट बाद. तिथे पंधरा सार्थ अंकच टिकतात, म्हणून म६७ चं १४७५७३९५२५८९६७६०००००० होतं. शेवटचे सहा अंक गेले म्हणजे संख्याच दुसरी झाली. ती सम आहे, तिला ५ नेही भाग जातो. अशा आकड्यावर भागाकार करत बसलं तर अवयव सापडल्यासारखे वाटतात, पण ते भलत्याच संख्येचे असतात.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या वापरली तर आणखी फसवा प्रकार होतो. २^६७ तिथे अचूक राहतो, पण त्यातून १ वजा केला की उत्तर पुन्हा २^६७ च येतं. वजाबाकी पुसली जाते आणि कुठलीही सूचना येत नाही.

६४ बिटांच्या पूर्णांकात १ ला ६७ घरं डावीकडे सरकवून पाहिलं. जावामध्ये ६७ ला ६४ ने भागून उरणारी ३ घरंच सरकतात, त्यामुळे म६७ चं उत्तर ७ येतं. सीमध्ये तर काय व्हावं हे ठरलेलंच नाही. पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही, पण तिथे टोपीचं चिन्ह घातासाठी नसतं. ते बिटांच्या तुलनेसाठी असतं, आणि त्या चिन्हाने २^६७ − १ लिहिलं तर ६४ मिळतात. घातासाठी दोन ताऱ्यांचं चिन्ह लागतं.

पुढे जाण्याआधी एकच तपासणी करावी: संख्या छापून शेवटचे सहा अंक ४१२९२७ आहेत का आणि अंकांची बेरीज १०९ येते का. दोन्ही जुळले तरच पुढे.

६ मार्च: मूळ की संयुक्त

सर्वात सोपी कसोटी फर्माची. पाया २ घ्यायचा, त्याचा (म६७ − १) वा घात करायचा, म६७ ने भागायचं. बाकी १ सोडून काही आली तर संख्या संयुक्त. बाकी आली १. मिलर-रेबिन ही कडक कसोटीसुद्धा पाया २ घेऊन लावली. तीही ही संख्या उत्तीर्ण झाली.

यात गणित कुठेच चुकलेलं नाही, दोष पाया निवडण्यात आहे. म६७ ने भागताना २^६७ ची बाकी १ असते, कारण संख्या मुळात २^६७ मधून १ काढूनच बनली. आणि म६७ − १ ला ६७ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे २ चा तो घात करा किंवा त्याचा निम्मा करा, बाकी १ च येणार. घातांक मूळ असलेली कुठलीही मर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा करून बनणारी) पाया २ च्या या कसोटीत कधीच नापास होत नाही, संयुक्त असली तरी. पाया ३ घेतल्याबरोबर बाकी १ आली नाही आणि निकाल लागला: संयुक्त.

खात्रीसाठी ल्युका-लेहमर कसोटीही चालवली. सुरुवात ४ पासून, वर्ग करून २ वजा, म६७ ने भागून बाकी, असं ६५ वेळा. शेवटी शून्य उरलं तर मूळ. शून्य उरलं नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेतली. संख्या संयुक्त आहे हे आता पक्कं ठाऊक आहे, पण एकही अवयव हाती नाही, आणि या कसोट्यांतून तो कुठल्या दिशेला आहे याचाही सुगावा लागत नाही. ल्युकानंतर सत्तावीस वर्षं गणिताचं जग याच जागी उभं होतं.

९ मार्च: वर्गांचा फरक

संख्येला दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची फर्माची जुनी रीत. वर्गमुळाच्या जवळून सुरुवात करायची, एकेक वाढवत जायचं, आणि वर्गातून म६७ वजा करून उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का पाहायचं. म६७ चं वर्गमूळ १,२१४ कोटी ८० लाखांच्या आसपास आहे.

संध्याकाळभर चालू ठेवून बंद केली. ही रीत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच कामाची. इथे ते जवळ नाहीत. आता उत्तर माहीत असल्यामुळे हिशेब मांडता येतो: मोठा अवयव लहानाच्या सुमारे ३,९३३ पट आहे, आणि या रीतीने तिथे पोचायला जवळपास ३७ हजार कोटी पायऱ्या लागल्या असत्या. अवयवांच्या अंतराबद्दल काहीच कल्पना नसेल तर ही रीत थोडा वेळच चालवावी. तिच्यावर रात्र घालवू नये.

११ मार्च: चाळणी बसवली

आता संख्येच्या जडणघडणीचा उपयोग करून घ्यायचा. म६७ ला भागणारी प्रत्येक मूळ संख्या १३४क + १ या रूपाची असावीच लागते (६७ ची दुप्पट १३४, क ही १ पासूनची कुठलीही पूर्ण संख्या), आणि तिला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरावी लागते. दुसरी अट क वर उतरवली की क ला ४ ने भागून ० किंवा १ उरला पाहिजे. बाकीचे क पाहायचेच नाहीत.

यावर आणखी एक चाळणी लावली, म्हणजे ज्या उमेदवारांना लहान संख्यांनी भाग जातो ते गळतील. क हा असा असेल तर टाकायचा:

३ ने भागून १ उरतो,
५ ने भागून १ उरतो,
७ ने भागून ६ उरतात,
११ ने भागून ५ उरतात,
१३ ने भागून ३ उरतात.

हाताने पहिले काही पाहिले. क = १ ला १३५, गळाला. क = ४ ला ५३७, तो ३ ने गेला. क = ५ ला ६७१, म्हणजे ११ × ६१, गेला. क = ८ ला १,०७३ आणि क = ९ ला १,२०७. हे दोन चाळणीतून सुटतात, पण ते २९ × ३७ आणि १७ × ७१ आहेत, म्हणजे उमेदवार नव्हेत. असे सुटलेले तपासले तरी बिघडत नाही, फक्त थोडं काम वाया जातं. आणखी मोठ्या संख्यांनी चाळण्याचा मोह होतो, पण १३ नंतर प्रत्येक वाढीव चाळणीचा फायदा आक्रसत जातो आणि प्रोग्रॅम मात्र गुंतत जातो. मी १३ वर थांबलो.

पहिला खरा उमेदवार क = १२, संख्या १,६०९. तपासणी अशी: २^३३ ला १,६०९ ने भागून ८१ उरतात. ८१ चा वर्ग ६,५६१, दुप्पट १३,१२२, पुन्हा १,६०९ ने भागून २५०. इथे १ उरला असता तर अवयव सापडला असता.

ही तपासणीची पद्धतच सगळ्या कामाचा कणा आहे. म६७ ला उमेदवाराने भागायचं नाही. २^३३ ची बाकी काढायची, तिचा वर्ग करायचा, दुप्पट करायची आणि पुन्हा बाकी पाहायची, कारण ३३ ची दुप्पट ६६ आणि वर एक म्हणजे ६७. त्यामुळे एकवीस अंकी संख्या हिशेबात येतच नाही. उमेदवार वीस कोटींच्या खाली आहे तोवर सगळं ६४ बिटांत मावतं, आणि ४ मार्चच्या नोंदीतल्या अडचणी उरतच नाहीत.

१४ मार्च: सापडला

प्रोग्रॅम क = १ पासून चालवला. क = १४४५५८० ला बाकी १ आली. उमेदवार १९३७०७७२१.

कामाचं माप: या क पर्यंत ४ च्या अटीतून ७,२२,७९० उमेदवार उरतात, आणि लहान संख्यांच्या चाळणीनंतर सुमारे २ लाख ७७ हजार. चाळणी न लावता नुसत्या विषम संख्यांनी भागत गेलो असतो तर साडेनऊ कोटींहून जास्त भागाकार झाले असते. संगणकाला दोन्ही जमतं. पण कागद-पेन्सिलीने करणाऱ्या माणसासाठी या दोन आकड्यांमध्ये सगळं आयुष्य आहे.

भागाकार ७६१८३८२५७२८७. त्याचा क येतो ५६८५३६०१२९, आणि ४ ने भागून १ उरतो, अटीत बसतो.

या रीतीचा एक मोठा फायदा शेवटी लक्षात येतो. उमेदवार चढत्या क्रमाने तपासले असल्यामुळे १९३७०७७२१ मूळ आहे हे आपोआप सिद्ध होतं, कारण त्याला लहान अवयव असता तर तो आधीच सापडला असता. मोठ्या अवयवाचं वर्गमूळ ८,७२,८३३ च्या किंचित वर, म्हणजे तपासून झालेल्या टप्प्याच्या खूप आत. म्हणून तोही मूळ. वेगळी सिद्धता लागत नाही.

१७ मार्च: दुसऱ्या वाटेने तेच

पोलार्डची १९७४ ची ‘उणे एक’ रीतही करून पाहायची होती. त्यात एक मर्यादा ठरवतात, तिच्यापर्यंतच्या सर्व संख्यांचा लसावि घातांक म्हणून घेतात, पायाचा तेवढा घात करून १ वजा करतात आणि त्याचा म६७ शी मसावि काढतात. अवयव वजा १ ही संख्या लहान-लहान मूळ संख्यांची बनलेली असेल तर अवयव बाहेर पडतो.

पाया २ घेऊन मसावि १ येत राहिला, आणि घातांकात ६७ शिरताच एकदम पूर्ण म६७ आला. मधलं काही नाहीच. कारण ६ मार्चचंच: दोन्ही अवयवांच्या बाबतीत २ चा सदुसष्टावा घात एकाच वेळी १ वर येतो. या संख्येसाठी पाया २ निरुपयोगी आहे, मर्यादा कितीही ठेवा.

पाया ३, मर्यादा १०,०००. पुन्हा मसावि पूर्ण म६७. आता कारण वेगळं होतं, आणि ते शोधण्यात बराच वेळ गेला. मर्यादा ५,००० वर आणल्यावर मसावि नेमका १९३७०७७२१ आला. नंतर दोन्ही अवयवांतून १ वजा करून अवयव पाडले तेव्हा उलगडा झाला:

१९३७०७७२० = २³ × ३³ × ५ × ६७ × २६७७

७६१८३८२५७२८६ = २ × ३² × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

लहान अवयवाला २,६७७ पर्यंतची मर्यादा पुरते, मोठ्याला ८,५३९ लागते. मर्यादा १०,००० ठेवली की दोघेही एकदमच जाळ्यात येतात आणि मसावि त्यांना वेगळं करू शकत नाही. या रीतीत मर्यादा कमी पडली तरी फसते आणि जास्त झाली तरी फसते. उपाय सोपा आहे. मसावि शेवटी एकदाच काढायचा नाही, दर शंभरेक मूळ संख्यांनंतर काढत राहायचा. तसं केल्यावर १०,००० मर्यादेनेही अवयव वाटेतच मिळाला.

दुसरी काळजी: घातांकात प्रत्येक मूळ संख्या एकेकदाच घेऊ नये. वर ३ चा घन आहे. लसावि घेतला की हे आपोआप सांभाळलं जातं.

ही रीत चाळणीपेक्षा पुष्कळ झटपट, पण तिच्यातून अवयव मूळ असल्याची हमी मिळत नाही. मोठ्या अवयवासाठी वेगळी तपासणी करावी लागते. त्याचा कुठलाही विभाजक म६७ चाही विभाजक, म्हणजे १३४क + १ याच रूपाचा, म्हणून क ६,५१३ पर्यंतच पाहायचा. ४ ची अट लावल्यावर ३,२५७ उमेदवार. तेवढं पुरलं.

२१ मार्च: कागदावर खात्री

यंत्राने सांगितलं म्हणून मानायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून १९३७०७७२१ चा निर्णायक टप्पा हाताने केला.

२^३३ = ८५८९९३४५९२. त्यातून १९३७०७७२१ च्या ४४ पटी काढल्या, उरले ६६७९४८६८.

त्याचा वर्ग ४४६१५५४३९११३७४२४. हा वर्ग (६६८००००० − ५१३२) असा फोडून केला तर हातचे फार सांभाळावे लागत नाहीत.

दुप्पट ८९२३१०८७८२२७४८४८. त्यातून १ काढला आणि भागलं: भागाकार ४६०६४८०७, बाकी शून्य.

नवाचा ताळा (अंकांच्या बेरजेवरून ९ ने भागून उरणारी बाकी दोन्हीकडे जुळते का पाहणे): ६६७९४८६८ च्या अंकांची बेरीज ५४, म्हणून वर्गाची बाकी ०, दुप्पट करून १ काढल्यावर ८. उजवीकडे १९३७०७७२१ ची १ आणि ४६०६४८०७ ची ८, गुणाकार ८. जुळला.

इतक्या ओळींत एक गोष्ट पुरी सिद्ध होते: १९३७०७७२१ ने म६७ ला निःशेष भाग जातो. ती पाहायला संगणक लागत नाही. शोधायला मात्र लाखो निष्फळ तपासण्या लागतात. शोधणं आणि पडताळणं यांतली ही तफावत मी इतक्या स्पष्टपणे आधी कधी अनुभवली नव्हती.

२५ मार्च: पूर्ण गुणाकार

फ्रँक नेल्सन कोल यांनी ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत हाच गुणाकार मांडला होता. ज्यांना तो स्वतः करायचा आहे त्यांच्यासाठी सोय अशी: १९३७०७७२१ ने गुणावं. त्यात अंक फक्त १, ९, ३, ७, ०, २. म्हणून मोठ्या अवयवाच्या चारच पटी आधी लिहून ठेवल्या की झालं:

दुप्पट १५२३६७६५१४५७४
तिप्पट २२८५५१४७७१८६१
सातपट ५३३२८६७८०१००९
नऊपट ६८५६५४४३१५५८३

ओळी आठच होतात, शून्याची ओळ नाही. धोका ओळ एक घर सरकण्याचा, विशेषतः शून्यानंतर. आणि ही चूक नवाच्या ताळ्यात सापडत नाही, कारण दहाने गुणलं तरी ९ ने भागून येणारी बाकी बदलत नाही. म्हणून अकराचाही ताळा घ्यावा. एककाच्या अंकापासून डावीकडे आळीपाळीने बेरीज-वजाबाकी केली की लहान अवयवाची बाकी ९, मोठ्याची ८, गुणाकार ७२, म्हणजे बाकी ६. म६७ ची बाकीही ६. एक घर सरकलेली ओळ इथे बहुतेक वेळा पकडली जाते. चौकटींचा कागद वापरला तर ती सरकतच नाही.

२८ मार्च: अवयव हाती आल्यावर

विभाजक चारच: १, दोन अवयव आणि स्वतः संख्या. दोन्ही अवयवांची बेरीज ७६२०३१९६५००८. तिच्यातून बाकीचं सगळं निघतं. विभाजकांची बेरीज म्हणजे २^६७ मध्ये ही बेरीज मिळवायची: १४७५७३९५३३५१७०८३७७९३६. म६७ शी सहमूळ असलेल्या (म्हणजे तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या), तिच्याहून लहान संख्या किती, तर २^६७ मधून तीच बेरीज वजा: १४७५७३९५१८२७६४४४४७९२०.

म६७ मूळ असती तर २^६६ × म६७ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे सर्व विभाजकांची बेरीज स्वतःच्या नेमकी दुप्पट असलेली, झाली असती. आता ती किती हुकली हे नेमकं सांगता येतं. तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्या दुपटीपेक्षा म६७ × ७६२०३१९६५००८ इतकी जास्त भरते.

मला सर्वात आवडलेला गुण द्विमान अपूर्णांकात आहे. १ भागिले १९३७०७७२१ द्विमानात लिहिलं की दर ६७ बिटांनी तेच आवर्तन येतं, आणि ते आवर्तन म्हणजे मोठा अवयवच: पुढे सत्तावीस शून्यं, मग ७६१८३८२५७२८७ चे चाळीस बिट. मोठ्या अवयवाचा व्यस्त लिहिला तर एकोणचाळीस शून्यं आणि लहान अवयवाचे अठ्ठावीस बिट. प्रत्येकाच्या आवर्तनात दुसरा पूर्णच्या पूर्ण बसलेला आहे.

पुढची संख्या २^७१ − १ घेतली आहे. चाळणी १४२क + १ ची, क वरची ४ ची अट तीच. पहिला अवयव २२८४७९ लगेच मिळतो. भागून उरलेली संख्या मूळ आहे का हे पाहताना पाया पुन्हा ३ च घ्यावा, कारण त्या भागाकाराच्या प्रत्येक अवयवासाठीही २ चा ७१ वा घात १ वरच येतो आणि पाया २ तिथेही खोटी ग्वाही देतो. तो भागाकार संयुक्त आहे: ४८५४४१२१ × २१२८८५८३३.